बऱ्हाणपुरी भागळ

खानदेशातून सुरतेला जाणारी वाट फार जुनी. आग्र्याहून निघालेला माल बऱ्हाणपूरला तापी गाठायचा आणि थाळनेर, नंदुरबार करत नदीच्या खोऱ्यानं बंदराकडे उतरायचा. १६३० साली पीटर मंडी नावाचा कंपनीचा एक इंग्रज सुरतेहून उलट दिशेनं निघाला, तेव्हा याच वाटेवर त्याला दुष्काळानं ओस पडलेली गावं आणि रस्त्याकडेची प्रेतं दिसली. आज त्याच खोऱ्यातून भुसावळ-सुरत रेल्वे धावते. मी अमळनेरला गाडीत चढलो, तेव्हा डब्यात बसायलाच काय, पाय ठेवायलाही जागा नव्हती. गोणपाटात बांधलेली गाठोडी, तेलाचे डबे, तूरडाळीच्या पिशव्या आणि लेकुरवाळ्या बाया. निम्मा डबा लेकाकडे किंवा जावयाकडे निघालेला.

समोरच्या मावशींनी फडकं सोडून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, आणि काही न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. त्यांचा मुलगा लिंबायतला लूमवर होता. नवापूर आलं. हे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. डब्यातल्या कुणी त्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या अहिराणीत गुजराती शब्द आधीपासूनच इतके मुरलेले होते की राज्य कुठे बदललं ते कानाला कळलंच नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला सुरत पहिल्यांदा भेटते ती शाळेच्या इतिहासात. त्या धड्यात महाराजांचे घोडे असतात, खजिना असतो, मुघलांची उडालेली भंबेरी असते. शहर मात्र जवळजवळ नसतंच. तिथे कोण राहत होतं, ते काय विकत होतं, त्यांच्या घरांना भिंती कशाच्या होत्या, हे मला लहानपणापासून पाहायचं होतं. म्हणून सुरतेत उतरल्यावर मी पहिल्यांदा भागळला गेलो.

भागळ म्हणजे जुन्या शहराच्या मधला गजबजलेला चौक. जुन्या पत्त्यांत त्याचं नाव ‘बऱ्हाणपुरी भागळ’ असं येतं. बऱ्हाणपूरची वाट जिथून शहरात शिरायची ते हे तोंड. म्हणजे माझीच वाट. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत डेरा दिला. त्यांनी आदल्या रात्रीच निरोप धाडला होता: सुभेदार इनायत खान आणि वीरजी व्होरा, हाजी सय्यद बेग, हाजी कासीम या तिघा बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी. कुणी आलं नाही. आज त्या जागी बाग कुठली असणार. जरीच्या लेसची, सुक्या मेव्याची, चांदीच्या भांड्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि मधल्या जागेत माणूस, स्कूटर आणि हातगाडी यांचा सारखा वाटाघाटीचा खेळ चालू असतो.

एका जरीवाल्या काकांच्या दुकानापाशी मी थबकलो. “बेसो ने, भाई,” ते म्हणाले, “ऊभा ऊभा शुं जोवाय?” आमच्याकडे दुकानदार आधी गिऱ्हाईक पारखतो, मग स्टूल पुढे करतो. इथे स्टूल आधी येतं, त्यामागून चहा येतो आणि सौद्याचं काय ते मग. मी खानदेशातला आहे म्हटल्यावर ते हसले आणि बोटानं चौक दाखवत म्हणाले, “तमारा महाराज अहीं ज ऊतरेला.” आवाजात डंख नव्हता, पण विसरही नव्हता. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट ते काल घडल्यासारखी सांगत होते. महाराजांबद्दलचा माझ्या मनातला अभिमान तिळभरही कमी झाला नाही. मुघलांच्या फौजांनी आपला मुलूख वर्षानुवर्षं तुडवला होता, आणि त्याची भरपाई बादशहाच्या सगळ्यात श्रीमंत बंदरातून करून घेणं हा राज्य उभं करणाऱ्या माणसाचा सरळ हिशेब होता. तरीही ज्या चौकात घरं जळली त्या चौकात, तिथल्या माणसाचा चहा हातात घेऊन तीच गोष्ट ऐकताना तिला आणखी एक बाजू येते. ती ऐकून घ्यावी, असं मला मनापासून वाटलं.

त्या दिवसांत शहराभोवती धड तटच नव्हता. दोन वर्षांनी, १६६६ मध्ये आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशानं सुरतेचे मातीचे, बहुतेक ढासळलेले तट पाहिले, आणि विटांचा नवा तट नुकता कुठे वर येत होता. किल्ला मात्र होता, आणि चांगला भक्कम होता. भागळहून चौक बाजारात उतरलं की तापीच्या काठावर तो अजून उभा आहे.

हा किल्ला पोर्तुगीजांच्या धाकानं बांधला गेला. सोळाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पोर्तुगीज समुद्रातून येत आणि शहर जाळून परत जात. गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या हुकमानं खुदावंद खान ऊर्फ ख्वाजा सफर यानं १५४० च्या दशकात हे काम पुरं केलं. दगड लोखंडी कांबींनी एकमेकांत जखडून सांध्यांत वितळलेलं शिसं ओतलं, असं जुन्या तवारिखांत लिहिलेलं आहे. खुदावंद खान पुढे १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पोर्तुगीजांशीच लढताना मारला गेला. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, भोवती खंदक, एका अंगाला नदी. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्याला तो फार लहान वाटतो. आपल्याकडे किल्ला म्हटलं की डोंगर आला, चढ आला, टाकी आली, माचीवरचं वारं आलं. इथे सपाट जमिनीवर फक्त भिंत. अनेक वर्षं यात सरकारी कचेऱ्या होत्या. आता महानगरपालिकेनं डागडुजी करून संग्रहालय केलंय. काम नेटकं आहे, स्वच्छता मनापासून राखलेली आहे, आणि शाळेची मुलं तोफेभोवती घोळका करून उभी होती.

बुरुजावर उभं राहिलं की १६६४ चा प्रसंग लख्ख समजतो. इनायत खान या भिंतीआड येऊन बसला आणि शहर उघडं राहिलं. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारी खजिन्यातून उचलत होता आणि शिपाई ठेवतच नव्हता, असं जदुनाथ सरकारांनी नोंदवलंय. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी किल्लेदाराला लाच देऊन आत जागा मिळवली. बाकीचे नदीपार पळाले. किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या, पण गोळे पडले ते शहरावरच. चार दिवस लूट चालली आणि आगीत शहराचा मोठा भाग राख झाला. ज्यांच्या जकातीवर तो किल्ला पोसला जात होता, त्यांच्याच उपयोगाला तो आला नाही. मला या सगळ्या कहाणीत सगळ्यात जास्त चीड या एका गोष्टीची येते, आणि ती महाराजांवर नाही, आतून दरवाजा लावून घेणाऱ्या त्या सुभेदारावर येते.

लढले ते परके व्यापारी. जॉर्ज ऑक्झिंडननं इंग्रजांची वखार मूठभर माणसांनिशी राखली, डचांनी त्यांची राखली. औरंगजेबानं नंतर शहराची वर्षाची जकात माफ केली, इंग्रजांना आणि डचांना करात सवलत दिली. इंग्रज मात्र यातून आपला धडा शिकले. सुरतेत त्यांची वखार भाड्याच्या घरात होती आणि तट-बुरूज बांधायची मुभा नव्हती. स्वतःची तटबंदी करता येईल अशी जागा त्यांना हवीच होती, आणि १६६८ मध्ये मुंबई कंपनीच्या हाती आली. १६८७ मध्ये कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून तिकडे हललं. पाठोपाठ सुरतेची माणसंही गेली. मुंबईच्या गोदीचा पाया घालणारे लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार होते. आज मुंबईत ‘फोर्टात जातो’ म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यात सुरतेचं ते उघडेपण दडलेलं आहे. त्या फोर्टाचे तट तर १८६० च्या दशकात पाडूनही टाकले.

आपल्याकडेही धडा घेतला गेला. सुरतेच्या लुटीच्याच वर्षी, नोव्हेंबर १६६४ मध्ये, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. सुरतेचा पैसा तिथे लागला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतल्याचंही ऐकत आलो आहोत. सुरतेच्या किल्ल्याच्या भिंतीवर हात ठेवला तेव्हा मला मालवणचा तो तट आठवला. दोन्हीकडे शिसं, दोन्हीकडे पाणी आणि पाण्यावरून येणाऱ्या शत्रूची धास्ती. फरक एवढाच की सिंधुदुर्गात राजानं आपल्या दर्यावर्दी माणसांना आत घेतलं.

सुरतेत एक मराठी माणूस म्हणून मान खाली घालावी असंही काही घडलंय. १७५९ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. १७७५ मध्ये राघोबादादा याच शहरात इंग्रजांच्या आश्रयाला आले आणि सुरतेच्या तहानं साष्टी आणि वसई द्यायला कबूल झाले. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये केवढं रक्त सांडून घेतलेली वसई! ज्या शहरावर पेशव्यांचा आणि गायकवाडांचा चौथाईचा हक्क चालत होता, तिथेच पेशव्यांच्या घरातला एक पुरुष हात जोडून बसला. शाळेच्या धड्यात हे शहर दोनदा यायला हवं, एकदा १६६४ साठी आणि एकदा १७७५ साठी.

किल्ल्याजवळच मुगलीसरा. १६४४ मध्ये, शाहजहानच्या काळात, हकीकत खानानं बांधलेली ही सराई. सुरतेहून मक्केला जहाजं सुटत, तेव्हा हजच्या यात्रेकरूंना आणि प्रवाशांना उतरायला ही जागा होती. आता इथे महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. रुंद कमानींखालून लोक जन्मदाखले आणि घरपट्टीच्या पावत्या घेऊन ये-जा करतात. एखादी ऐतिहासिक वास्तू दोरखंड बांधून रिकामी ठेवण्यापेक्षा ती अशी कामात असलेली मला अधिक भावते.

जानेवारी म्हणजे पोंकाचे दिवस. नदीकाठी पोंकाचे स्टॉल लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचाच, पण सुरतेनं त्याचं जे केलं ते आपण कधी केलं नाही. आमच्याकडे हुरडा शेतात बसून खायचा, गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजायचं, तळहातावर चोळायचं, लसणाची चटणी तोंडी लावायची. त्याला पैसे पडत नाहीत, आग्रह पडतो. इथे पोंक पारखून, निवडून, तोलून मिळतो. लिंबू-मिऱ्याची बारीक शेव वेगळी, साखरेचे दाणे वेगळे, पोंकाचे वडे वेगळे. व्यापाऱ्याच्या शहरात आल्यावर शेतातल्या कोवळ्या दाण्यालाही दर्जा आणि भाव मिळाला. दाणा तोंडात टाकला आणि चव अगदी घरची निघाली. सकाळी खाल्लेला लोचो मात्र कुठल्याच घरच्या पदार्थाशी जुळत नाही; ढोकळ्याच्या पिठाचाच तो मऊ, गरम, तेल-चटणी-शेवेत न्हालेला प्रकार इथल्याच माणसाला सुचावा. शनिवारी संध्याकाळी डुमसच्या रस्त्यावर घरंच्या घरं चादरी अंथरून पदपथावर जेवायला बसलेली पाहिली. आमच्याकडे रस्त्यावर बसून खायला बायामाणसं संकोचतात. इथे आजी मध्यभागी बसून वाढत होती, आणि तिनं मलाही हाक मारून खमण वाढलं.

कतारगाम दरवाजाकडच्या इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झिंडन बंधूंची कबर आहे. वखार राखणारा जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ मध्ये वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षं आधी. दोन मजली, घुमटाची, मुघली थाटाची ही इमारत. डचांच्या दफनभूमीत फान रीड निजलाय, ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ ज्यानं घडवून आणला तो. १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात त्याला मरण आलं. जिवंतपणी ज्यांना तट बांधू दिले नाहीत, त्यांनी मेल्यावर हे घुमट उभारले. मुघल अमीरांच्या डोळ्यांत भरावं म्हणून एवढा खर्च केला असणार. गवत वाढलंय, पण कुणी नासधूस केलेली दिसत नाही.

मग महिधरपुरा. इथे हिऱ्यांचा बाजार रस्त्यावर भरतो. स्कूटरच्या सीटवर पांढऱ्या कागदाची पुडी उघडायची, चिमट्यानं हिरा उचलायचा, भिंग डोळ्याला लावायचं, उन्हाकडे वळायचं. जगात पैलू पडणाऱ्या हिऱ्यांपैकी बहुतेक सुरतेतच घडतात. खजोदला ‘डायमंड बोर्स’ची अजस्र इमारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, आत चार हजारांहून अधिक कार्यालयं, तरी महिधरपुऱ्याची गल्ली भरलेलीच आहे. इथे माल ‘जांगड’वर दिला जातो: पसंत पडला तर ठेव, नाहीतर परत कर. दलाल कागदाच्या एका चिठ्ठीवर लाखोंचा माल खिशात घालून दुसऱ्या गल्लीत जातो. गावोगाव माल पोचवणारे आंगडिया कुळांच्या विश्वासावर चालतात. एका तरुण दलालाला मी विचारलं, भीती वाटत नाही का? तो म्हणाला, ज्यानं एकदा शब्द मोडला त्याला या गल्लीत पुन्हा कुणी पुडी दाखवणार नाही.

त्याचं ऐकताना मला वीरजी व्होरा आठवला. त्याचा वाडा १६६४ मध्ये धुवून निघाला. तरी लुटीनंतर तो आणि सय्यद बेग मान ताठ ठेवून मोठमोठ्या सौद्यांना तयार आहेत, अशी नोंद कंपनीच्या वखारवाल्यांनीच केली आहे. सोनं गेलं, पण आग्र्यापासून अरबस्तानापर्यंत त्याची पत होती. ती कुणाच्या घोड्यावर लादून नेता येण्यासारखी नव्हती. सुरतेला खरा घाव बसला तो पुढे. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले आणि विटांच्या नव्या तटानं त्यांना अडवलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं नुसत्या अफवेनं शहर रिकामं होई. अठराव्या शतकात आलमपनाह हा बाहेरचा दुसरा तटही उभा राहिला, बारा दरवाजांचा. तोवर व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळू लागला होता.

ते तट आता जवळजवळ कुठेच दिसत नाहीत. रिंग रोडनं जाताना दिल्ही दरवाजा, सहारा दरवाजा, मान दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट अशी नावं एकामागून एक येतात आणि दरवाजा एकही येत नाही. त्यांच्या जागी कापडाची मार्केटं, मजल्यावर मजले, आणि पाठीवर साड्यांचे गठ्ठे घेऊन जिने चढणारे हमाल. आजची सुरत भिंत बांधते ती तापीला अडवायला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला.

शेवटी लिंबायत. गल्लीत शिरताच लूमची खडखड पायातून वर चढते, आणि पाट्या मराठी होतात. किराणा दुकानात कळण्याचं पीठ, शेवभाजीची जाड शेव, खानदेशी मसाला. “कोणता गावना शेतस भाऊ तुम्ही?” एका घरातून हाक आली. अमळनेर म्हटल्यावर खुर्ची बाहेर आली, पाणी आलं. घरचे गृहस्थ ऐंशीच्या दशकात आले. गावाकडे पाऊस दगा देत होता, गिरण्यांत काम उरलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, अक्का, दारात बसून साडीला खडे चिकटवत होत्या, नगावर मजुरी. मी १९९४ च्या प्लेगबद्दल विचारलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं. त्या सप्टेंबरात लाखो माणसं सुरत सोडून पळाली, तेही पोरं काखेत मारून मिळेल त्या गाडीत शिरून गावी गेले. परत का आलात? मालकानं वहीत आमचे पैसे लिहून ठेवले होते, ते म्हणाले, एक रुपया कमी केला नाही. मग शहरही साफ झालं. पूर्वी या गल्लीतून चालता येत नसे. “आते आम्ही आठलाच,” अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा खडे चिकटवायला लागल्या.

त्या घरातून निघाल्यावर मी पुन्हा चौक बाजारात, किल्ल्याच्या संग्रहालयात गेलो. तिथे इतिहास मांडण्याची हौस आहे, पैसा आहे, माणसं आहेत. त्यांनी एक दालन बऱ्हाणपूरच्या वाटेला द्यावं. त्यात तांड्यांचा माल असावा, सराफांच्या हुंड्या असाव्यात, दोन्ही लुटींची गोष्ट शहरातल्या माणसांच्या बाजूनंही सांगितलेली असावी. भुसावळच्या गाडीनं आलेले लिंबायतचे लोक असावेत, त्यांची मजुरीची वही आणि एखादा चालता लूमही असावा. ज्या किल्ल्यानं १६६४ मध्ये दरवाजा लावून घेतला, त्याच्या आत या माणसांना आता तरी जागा मिळावी. अभिप्रायाच्या वहीत मी हे सगळं मराठीत लिहिलं, आणि टेबलापाशी बसलेल्या बेननं ते वाचून घेऊन मला विचारलं, हुंडी कशी दिसते ते आमच्या मुलांना सांगायला परत याल का? मी हो म्हटलं.